धुतलेलं पाणी

मी बाटल्या धुते. नांदेडला प्रदूषणाचं सरकारी ऑफिस आहे, तिथं. आधी कुणी विचारलं की मी "ऑफिसात असते" एवढंच सांगून विषय बदलायची. आता सरळ सांगते. नदीचं, ओढ्याचं, विहिरीचं, कारखान्याच्या गटाराचं पाणी ज्या बाटल्यांतून आणि कॅनमधून तपासायला जातं, ते सगळं रिकामं होऊन परत आलं की धुवायचं, खंगाळायचं, पालथं घालून वाळवायचं आणि बुचं लावून कपाटात ठेवायचं. आधीच्या पाण्याचा थेंबही आत राहता कामा नये. राहिला तर एका गावची घाण दुसऱ्या गावाच्या नावावर चढते. हे मला मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून बाटली उजेडात धरून बघितल्याशिवाय मी कपाटात ठेवत नाही.

मी इकडची नाही. माहेर, सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. नवरा रेल्वेत रुळांवर काम करतो, त्याची बदली मुदखेडला झाली म्हणून मी इथं आले. शाळा आठवीपर्यंत. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलींना होडीतून एकटं पाठवायचं नाही असं आमच्या वाडीत ठरून गेलं होतं. कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं. मुदखेडला आले तेव्हा शेजारणीच्या दारात पाण्याने भरलेले ड्रम, टिपं, घागरी, पातेली अशी रांग बघितली आणि विचारलं, "लग्न आहे का घरात?" ती हसता हसता खाली बसली. "लगीन कामून? नळ आलाय बाई आज." हा किस्सा तिने पूर्ण क्वार्टर्समध्ये सांगितला. अजून सांगते.

नोकरी मला मॅडममुळे लागली. मॅडम म्हणजे आमच्या फिल्ड ऑफिसर, माझ्यापेक्षा वयाने लहान. बाटल्या धुणारी आधीची बाई सोडून गेली होती आणि मी ओळखीने विचारायला गेले होते. त्यांनी शिक्षण विचारलं. मी आठवी म्हटलं आणि पिशवी उचलून उठायच्या बेतात होते. त्या म्हणाल्या, "वाचता येतं ना, ताई? लेबल वाचता आलं की झालं." ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. नोकरी कंत्राटावरची. ऑर्डर संपत आली की माझी झोप उडते, काचेची बाटली नुसती दुसरीला लागून वाजली तरी मी दाराकडे बघते, साहेबांनी ऐकलं का. मॅडम नेहमी म्हणायच्या, "ताई, बाटली फुटली तर बाटली फुटली. तुम्ही कशाला फुटता?"

एक मावशी ऑफिसात आल्या तेव्हा उन्हाळा नुकता लागला होता. गाव चाकूर तालुक्यातलं, म्हणजे जिल्हा लातूर. पण तेव्हा तिकडच्या साहेबांची जागा रिकामी होती आणि तिकडच्या तक्रारीही आमच्याकडेच येत होत्या. बरोबर त्यांचा मुलगा होता. मॅडम मीटिंगमध्ये होत्या म्हणून मी दोघांना बाक दाखवला. मुलगा बसला. मावशी थोडा वेळ बसल्या आणि उठून माझ्या मोरीशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर, कपाळाला भस्माची बोटं, गळ्यात काळ्या दोऱ्यात लिंगाची चांदीची डबी.

"लई बाटल्या धुतलालीस गं पोरी. दारूच्या हायत का?"

आमचे ड्रायव्हरभाऊ दारातच उभे होते. ते म्हणाले, "हाव मावशी. साहेबलोक पितेत, वहिनी धुतेत."

"तसं असंल तर बरं हाय," मावशी म्हणाल्या. "म्या म्हणलं, सरकारचं काम लई अवघड असतंय."

मी हसले. म्हटलं, "पाणी तपासायला नेतात, मावशी, त्या बाटल्या आहेत."

"मंग आमच्याच कामाच्या की." त्यांनी धुतलेली एक बाटली उचलली आणि तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. "आमच्या हिरीचं पाणी हिच्यात घातलं तर तुला पुन्हा चार बारीला धुवाव लागंल."

मग त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला दुधाचा कारखाना झाला होता. दूध यायचं, थंड व्हायचं, पिशव्यांत भरून जायचं. टाक्या धुतलेलं पाणी ओढ्यात सुटायचं आणि ओढ्याच्या काठाला यांची विहीर. "दुधाचा कारखाना म्हणल्यावर लोकाला वाटतंय, ह्यांच्या वढ्याला दूधच येत असंल. नासकं ताक येतंय माय. हिरीवर साय धरती." पिण्याला जारचं पाणी विकत आणत होते, पण भांडी, धुणं, आंघोळ, गुरं सगळं विहिरीवर. पूजेला मात्र त्यांनी ते पाणी घेणं सोडलं होतं. शेजारच्या बोअरचा एक तांब्या मागून आणायच्या. "देवाला लोकाघरचं पाणी," त्या म्हणाल्या.

"पयलं लई गोड होतं गं. आजूबाजूचे लोक वरणापुरतं पाणी आमच्या हिरीचं न्यायचे. तुरीची डाळ लवकर शिजती म्हणून."

पण त्या आल्या होत्या दुसऱ्याच गोष्टीसाठी. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी अहमदपूरला गेली होती. नातू झाला, बारसं झालं, आणायचे दिवसही उलटून गेले. पोटुशी असताना त्या पाण्याने सुनेच्या अंगाला खाज सुटली होती, रात्र रात्र खाजवत बसायची. आता तिचे वडील म्हणत होते, पाणी सुधरल्याबिगर पोरगी आणि लेकरू धाडणार नाही.

"आणि बरोबर हाय त्यायचं," मावशी म्हणाल्या. "म्या त्यायच्या जागी असते तर म्याबी धाडलं नसतं. पाळणा बांधून ठिवलाय घरात. उगं झुलतोय वाऱ्यानं."

"मग आमच्याकडून काय पाहिजे तुम्हाला?"

"तुमी लिहून द्या, पाणी खराब हाय. मंग कारखान्याला नाली बंद कराव लागंल. हीर आपली आपण सुधरंल. लेकरू घरला येईल." त्यांनी बाटली जागेवर ठेवली. "एवढंच काम हाय."

मॅडमनी तक्रार घेतली, मुलाने सही केली. जाताना मॅडम म्हणाल्या, "येण्याआधी फोन करते. तक्रारदार हजर लागतो." तसा नियमच आहे. त्या फोनबद्दल मी नंतर खूप विचार केला आहे. तो केला नसता तर, असं मनात येतं. पण नियमाप्रमाणे तो करायचाच होता आणि मॅडमनी केला.

त्या दिवशी बर्फाची पेटी धरणारा आमचा शिपाई रजेवर होता म्हणून मॅडम मला घेऊन गेल्या. रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला, रात्रीच काढून ठेवलेले कॅन जीपमध्ये लावले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. अहमदपूरच्या स्टँडवरून जाताना मी उगीच डावी-उजवीकडे बघत होते, इथंच कुठंतरी तो नातू असेल म्हणून. मला त्या कामाची फार हौस वाटत होती, खरं सांगते. वाटत होतं, मी धुतलेल्या कॅनमध्ये आज हे पाणी भरलं जाईल, मग कागद होईल, मग पाळण्यात लेकरू येईल. त्यात माझाही थोडा हात लागेल.

गावात पोचलो तर अंगणात सडा, रांगोळी. रांगोळी अंगणात संपली नव्हती, पायवाटेने विहिरीपर्यंत गेली होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टॉवेल अंथरले होते. विहिरीच्या कठड्याला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडलेला होता. कप्पीला आंब्याचा डहाळा.

"कशाला एवढं, मावशी?" मॅडम म्हणाल्या.

"आमच्या दारी सरकार कवा आलतं? आज आलंय."

सगळी आळी जमली होती. मॅडमनी विचारायच्या आधीच लोक सांगत होते. पाणी लई खराब हाय मॅडम. वास येतोय. लेकरायच्या अंगाला पुळ्या येतेत. म्हैस बी तोंड लावत न्हाई. एक म्हातारे म्हणाले, "म्हशीला काय, ती त्याच कारखान्याला दूध घालती. तिला म्हाईत हाय काय येतंय ते." सगळे हसले. मॅडमनीही हसून लिहून घेतलं. सगळ्यांचं लिहून घेतलं, नावागावासकट. लोकांना ते फार आवडलं. कोण सांगायचं राहिलं का म्हणून एकमेकांना पुढे ढकलत होते.

ओढा त्या दिवशी कोरडा होता, कारखान्याने पाणी सोडलेलं नव्हतं. दगडांवर पांढरी खपली धरली होती, दह्याची निवळी सुकून भांड्याला बसते तशी. मॅडमनी तिचे फोटो काढले. मग आम्ही विहिरीवर आलो आणि मी आत वाकून बघितलं.

तळ दिसत होता. पाणी थोडं होतं, पण असं नितळ की खालचा कातळ मोजता यावा. मला वाटलं, सकाळच्या उन्हाने असं दिसत असेल. मॅडमनीही वाकून बघितलं. दवाखान्यात येतो तसा वास येत होता.

"ब्लीचिंग पावडर टाकली आहे का?" त्यांनी मुलाला विचारलं.

"टाकतेतच की ग्रामपंचायतवाले," मुलगा म्हणाला. तेही खरंच होतं.

बादलीने पाणी काढलं. मी त्याच पाण्याने कॅन खंगाळला, पाणी टाकून दिलं, पुन्हा खंगाळला, मग मॅडमनी भरला. ब्राऊन कागदात गुंडाळलेली काचेची बाटली वेगळी भरली. लेबल मी लावलं. लाख वितळवून सील केलं. मावशी टक लावून बघत होत्या. "गंगेवरून तीर्थ आणल्यावाणी नेतेत की गं." पंचनामा मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, विहिरीचे पाणी दिसण्यास स्वच्छ व रंगहीन आहे. ते वाचल्यावर एकही माणूस बोलला नाही. उलट दोनचार माना समाधानाने हलल्या. सगळ्यांनी सह्या केल्या, मावशींनी अंगठा दिला.

चहा झाला. हात चिकट झाले होते म्हणून मी विहिरीच्या मागच्या बाजूला गेले. तिथं बाभळीखाली काळाकुट्ट गाळाचा ढीग होता. ओला, माशा घोंगावणारा. आंबलेला वास असा की पदर नाकाला लावावा लागला. कुंपणावर धोतराची दोन फडकी वाळत घातली होती. तीही मधोमध काळी झालेली.

मावशी माझ्या मागे तांब्या घेऊन आल्या होत्या, हातावर पाणी घालायला.

"हे काय आहे, मावशी?"

"गाळ. काल समद्यायनी मिळून हीर उपसली. मोटर लावून पार तळ दावला. पोरं खाली उतरून कातळ घासून आली. मंग पावडर टाकली, तुरटी फिरवली. झऱ्याचं जे उलसं पाणी आलं, तेबी फडक्यानं गाळून गाळून पुन्हा आत सोडलं." त्या हे सांगताना दमल्यासारखं हसत होत्या. लग्नघरातली बाई कार्य पार पडल्यावर हसते तसं. "दिसभर कुणी जेवलं न्हाई बघ."

"पण का, मावशी?"

"का म्हंजी? तुमी येणार म्हणल्यावर तसंच दावायचं?"

"आम्ही ते खराब पाणीच बघायला आलो होतो."

"खराब हाय हे सांगितलं की आमी. समद्या आळीनं सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं. पाणी काय, नुसतं न्यायचं म्हणून नेलालाव तुमी." माझं तोंड बघून त्यांचं हसू कमी होत गेलं. तांब्या त्यांनी खाली ठेवला. "घरी पोरगी बघाय पाव्हणे आले तर तिला तोंड न धुता कुणी दावतंय का गं?"

मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या, ढीग बघितला, फडकी बघितली आणि कठड्यावर बसल्या. हळदकुंकू साडीला लागलं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

मुलाला सगळ्यात आधी कळलं. तो म्हणाला, "मॅडम, मंग ह्या गाळातलं भरून घ्या ना. हे तर हिरीतलंच हाय."

"ते तुम्ही बाहेर काढून टाकलंय. बाहेर पडलेला गाळ विहिरीचा म्हणून मी कसा लिहू? तुम्ही म्हणाल हो, कारखाना म्हणेल नाही."

"मंग ते सील तोडा."

"सील झालं की ते माझं राहत नाही हो," मॅडम म्हणाल्या.

त्यांना जेवढं करता आलं तेवढं त्यांनी केलं. पंचनाम्याखाली एक ओळ वाढवली की नमुन्याच्या आदल्या दिवशी विहीर उपसून स्वच्छ केलेली आहे, आणि पुन्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. या वेळी कुणी हसत नव्हतं. मावशींचा अंगठा मीच धरून शाईवर टेकवला.

जीप अहमदपूरच्या पुढे आली. मग ड्रायव्हरभाऊच म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी बी असंच. अम्मीला दवाखान्यात न्यायचं म्हणलं की बहिणी आधी तिला न्हाऊ घालतेत, पावडर लावतेत, सुरमा घालतेत. डॉक्टर बघतो अन् म्हणतो, चांगल्याच दिसायलेत की."

मॅडम किंचित हसल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला माझी आई आठवली. मी गावी जायचे तेव्हा घर सारवलेलं असायचं, आईच्या हातात नवा चुडा असायचा, ती धक्क्यावर न्यायला यायची. फोनवर एकच, "मी बरी हाय गो, माझी काळजी करू नको." एकदा शेजारच्या काकीने बाजूला घेऊन सांगितलं की आईला एका डोळ्याने कितीतरी दिवस दिसत नाही. मी यायच्या आधी ती धक्क्यापर्यंतची वाट पुन्हा पुन्हा चालून पाठ करते, माझ्यासमोर ठेच लागू नये म्हणून. तोवर उशीर झाला होता. तो डोळा गेला. तिच्या घरी मी दरवर्षी जात होते आणि दरवर्षी धुतलेलंच बघून येत होते. मग मावशींना मी काय शहाणपण सांगणार होते?

रिपोर्ट आला. सगळे आकडे मर्यादेत. प्रयोगशाळेने बाटलीत जे होतं ते लिहिलं, त्यांची काही चूक नाही. मॅडमची ती ओळ पंचनाम्याच्या पानावर राहिली आणि वरच्या साहेबांनी आकड्यांचं पान वाचलं. तक्रार निकाली निघाली. मॅडम म्हणाल्या, "विहीर पुन्हा भरू दे, ताई. या वेळी न सांगता जाऊ." त्या खरंच जाणार होत्या, दोनदा तर बर्फसुद्धा आणला होता मी. एकदा ऐन वेळी गाडी निवडणुकीच्या कामाला गेली. एकदा एका कारखान्याची टाकी फुटली म्हणून तिकडे धावावं लागलं. आणि मग मॅडमची बदली झाली, विदर्भात.

जायच्या दिवशी त्यांनी टेबल आवरताना माझ्या नव्या ऑर्डरची शिफारस सही करून ठेवली. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदे धरले. "काय हे, ताई." मग म्हणाल्या, "त्या मावशींकडे जायचं राहिलं." मला पुढच्या वर्षाची भाकरी मिळाली होती, म्हणून मी त्यांच्यासमोर रडले. त्यांना वाटलं असेल मावशींसाठी रडते. दोन्ही होतं, पण आधी कुठलं ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी लातूरच्या ऑफिसला धुतलेल्या बाटल्यांचं खोकं पोचवायचं होतं. मी एसटीने निघाले. अहमदपूरला गाडी बदलायची होती. स्टँडवर खोकं पायाशी ठेवून बसले, तर समोरच्या बाकावर मावशी. मांडीवर कापडी पिशवी. मी पदर तोंडावर ओढावा की काय अशा विचारात होते, तेवढ्यात त्यांनीच ओळखलं.

"बाटल्यावाली न्हवं तू?"

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. "नातवाला भेटायला आला होतात?"

"हाव. दर बाजाराला येते. दोन घास खाते, त्याला मांडीवर घेते, सांजच्या गाडीनं माघारी."

"म्हणजे अजून घरी नाही आणलं?"

त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग सांगायला लागल्या. रिपोर्टची प्रत कारखान्यालाही गेली होती. त्यांच्या माणसाने ती ग्रामपंचायतीत वाचून दाखवली. पाणी चांगलं हाय असं सरकार म्हणतंय, म्हातारी उगं बोंब मारती. आळीतली माणसं, जी त्या दिवशी मॅडमसमोर एकमेकांना पुढे ढकलत होती, ती गप्प बसली. सगळ्यांच्या म्हशींचं दूध त्याच कारखान्याला जायचं. मुलाचंही. मुलाने तीच प्रत घडी करून खिशात घातली आणि थेट सासऱ्याकडे अहमदपूरला गेला. बघा, सरकारी कागद हाय. सासऱ्याने चष्मा लावून वाचला, शिक्का बघितला आणि म्हणाला, सरकार म्हणतंय तर घेऊन जा.

"सुनंनं कपडे भरले. लेकराची दुपटी, बाळंतविडा, समदं बांधलं. लेक मला शेजारच्या फोनवर म्हणला, आई, पाळण्याला नवी दोरी लाव, उद्या येतोय." मावशींनी गळ्यातली डबी मुठीत धरली. "तवा हीर पुन्हा तशीच झालती. पयल्यापेक्षा बेकार. मी सकाळच्या पयल्या गाडीनं हितं आले आन् इवायाला म्हणले, पोरगी धाडू नका."

"तुम्ही?"

"मीच. इवाई म्हणला, आवं कागदात तर चांगलं हाय. म्या म्हणलं, कागद बराबर हाय. पाणी आमी धुऊन दावलं सरकारला. लेकराला काय धुऊन दावू?"

मुलगा तेव्हापासून त्यांच्याशी नीट बोलत नव्हता. येणारं लेकरू आईने आडवलं म्हणत होता. सून काहीच म्हणत नव्हती, पण दर बाजाराला सासूला चहा स्वतः करून द्यायची.

"मोठा झालाय का?"

"बसतोय आता. मला बघून हसत न्हाई. हिला बघून हसतोय." त्यांनी डबी वर करून दाखवली. "धरून ओढतोय. म्या म्हणते ओढ बाबा, तुझीच हाय."

चाकूरची गाडी लागली तशी त्यांनी घाईने पिशवीतून एक बाटली काढली. थंड पेयाची, प्लास्टिकची. आत पिवळसर पाणी होतं आणि वर पांढरा तवंग. "दर बाजाराला आणते म्या. इवायाला दावते. त्याला वाटू ने की म्हातारी उगं आडवती. कागदाचा इसर पडाव म्हणून." त्यांनी ती माझ्या हातात दिली. "न उपसता, न गाळता भरलंय. मॅडमला दाव."

"मॅडमची बदली झाली, मावशी."

"मंग जे कोण असंल त्याला दाव." त्या गाडीत चढल्या. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बाटलीकडे बघितलं.

आमचे नवे साहेब वाईट नाहीत, आणि लातूरकडच्या तक्रारी अजूनही आमच्याकडेच आहेत. मी धीर करून त्यांच्या टेबलावर बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं. कंत्राटी बाईने असं साहेबांपुढे बोलायला जाणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, हे कुणी भरलं, कुठून भरलं, बाटलीत आधी काय होतं, मी काय लिहू? असं पाणी घेता येत नाही. त्यांना नवी तक्रार द्यायला सांगा, मी माणूस पाठवतो." बरोबर होतं. बाटलीत आधी काय होतं हा प्रश्न तर मी रोज स्वतःला विचारते.

पण नवी तक्रार कोण देणार? मुलगा सही करणार नाही. आळी बोलणार नाही. मावशींना फोन मुलाच्याच हातातून जातो. मी एकदा लावला होता, त्याने "राँग नंबर" म्हणून ठेवला. पुढच्या वेळी लातूरला खोकं न्यायचं निघालं की बाजाराचा दिवस धरून जायचं, असं मी मनाशी ठरवलं आहे. अंगठ्यावर तक्रार घेतात, हे त्यांना सांगायचं आहे. आणि विहिरीला हात लावू नका, हेही. अजून काम निघालेलं नाही.

ती बाटली मी माझ्या मोरीच्या वरच्या खिडकीत ठेवली आहे. शिपाई म्हणतो, "वहिनी, ही एक धुवायची राहिली का?" मी म्हणते, राहू दे. दुपारी सगळ्या बाटल्या पालथ्या घालून झाल्या की मी हात पुसते आणि ती उजेडात धरून बघते. खाली गाळ बसला आहे, वर तवंग आहे, मधलं पाणी पिवळं आहे. तो पोरगा आता भिंतीला धरून उभा राहत असेल, अहमदपूरला.